चेक इंजिनचा दिवा: विझवला की पुन्हा लागतो

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. गाडी दोन दारांची, इम्पोर्टेड, २०१२ चं मॉडेल, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिचे भक्त आणि वैरी दोन्ही जमतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. गाडी सेकंड हँड घेतली आहे, आधीचा मालक हौशी होता. एअर फिल्टर त्याने बाहेरचा बसवलाय, तेल लावलेला कापसाचा.

दुखणं असं: पिवळा चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, दर वेळी एकच कोड, पी०१७१, 'सिस्टम टू लीन', म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तो कोड उडवतो, दिवा जातो. थोडे दिवस बरे जातात आणि परत तेच. पहिल्या गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला. दुसऱ्याने सांगितलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) गेला, आणि जो आकडा सांगितला त्यात नवी कोरी स्कूटर येईल. गाडी पळायला एक नंबर. फक्त उभी असताना कधीकधी किंचित थरथरते.

दिवा लागतो तो रविवारी चोर्ला घाट करून परत येताना साखळीला चहासाठी थांबतो तेव्हा, नाहीतर संध्याकाळी पणजीहून घरी येताना पर्वरीच्या रांगेत. माझा संशय घाटातल्या चढणीवर, आणि हल्लीच्या पेट्रोलवर. टाकीच्या झाकणाच्या आत ई१० (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं) पर्यंतच चालेल असं लिहिलंय, पंपावर मिळतं ई२०.

कन्व्हर्टर बदलू की थांबू?

शेवटचा_पाव
रवळनाथाला गाऱ्हाणं घाला. तोवर दिव्यावर टिकली चिकटवा. मोठी लागेल.

खाडीपल्याड
पर्वरीच्या रांगेत स्पोर्ट्स कार! तिथे माझी स्कूटरसुद्धा पहिल्या गिअरच्या लायकीच्या वेगात जात नाही. पात्रांव, दिवा गाडीला नाही, तुम्हाला लागलाय.

पेट्रोलपुराण
हा ई२० चाच प्रताप आहे, दुसरं काही शोधत बसू नका. साधं गणित सांगतो. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रणाची गरज साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे तितक्याच हवेला इंधन जास्त लागतं. जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. त्यालाच तो 'लीन' म्हणतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० पंपांवर यायला लागलं, आता दुसरं मिळणं मुश्कील. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या धर्तीच्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल. आणि आपल्याकडे लोक सेन्सर बदलत बसलेत.

त्यात रबरी नळ्या, सील, पंपाचे वॉशर, सगळ्यांवर परिणाम. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या गोव्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय?

सुकीभाजी
@पेट्रोलपुराण, माझी गाडी २००९ ची. मुकाट्याने ई२० पिते, दिवा नाही, बिवा नाही. मग?

पेट्रोलपुराण
लागेल. धीर धरा.

स्पॅनरबाब
मांडवीकाठ, कन्व्हर्टरला हात लावू नका. कन्व्हर्टर नीट काम करत नसेल तर साधारणपणे पी०४२० येतो. तुम्हाला येतोय पी०१७१. दोन्हींचा धुराशी संबंध आहे, म्हणून लोक एकाच माळेत ओवतात.

कोड कुठला पार्ट मेला ते सांगत नाही. कॉम्प्युटरला काय दिसलं तेवढंच सांगतो. इथे त्याला दिसलं की बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे. तो भागवायला त्याने पेट्रोल वाढवलं, आणखी वाढवलं, आणि शेवटी वाढवायची हद्द संपली तेव्हा दिवा लावला. कारणं हवी तितकी असू शकतात. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत असेल, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळला असेल, पेट्रोलचा दाब कमी पडत असेल, इंजेक्टर चोंदले असतील, एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी चीर असेल. आणि हो, इथेनॉलही थोडा हातभार लावतं.

आता कृपा करून कोड उडवू देऊ नका. उडवला की पुरावा जातो. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो, म्हणून उडवल्यावर थोडे दिवस सुखाचे जातात आणि गॅरेजवाल्याला वाटतं बरी झाली. शिवाय उडवताना कॉम्प्युटरने शिकून ठेवलेली दुरुस्तीही शून्यावर जाते, ती त्याला पहिल्यापासून शिकावी लागते.

ब्लूटूथचं साधं ईएलएम३२७ डोंगल घ्या, स्टीअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो तिथे लावा, फोनवर ॲप टाका. मग दोन गोष्टी इथे लिहा. पहिली, फ्रीझ फ्रेम. दिवा लागला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, हे कॉम्प्युटरने लिहून ठेवलेलं असतं. दुसरी, फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं तो आकडा, शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेला). इंजिन पूर्ण तापल्यावर एकदा नुसत्या उभ्या गाडीत, एकदा उभ्याच गाडीत २,५०० आरपीएमला धरून.

आणि एक गंमत बघा. चोर्ल्याहून उतरून साखळीचा चहा आणि पर्वरीची रांग, या दोन्हींत चढण कुठे आहे?

खाडीपल्याड
चहाचा टपरीवाला दोषी आहे असं सूचित करायचंय का काका?

तांबडीमाती
उंदीर बघितला का कोणी? चेष्टा नाही. पावसाळ्यात आमच्या डिचोलीच्या घरी बॉनेटखाली उंदरांनी संसार मांडला होता. नारळाच्या शेंड्या, जुनं कापड, आणि एक वायर अशी सोललेली की इलेक्ट्रिशियनला जमणार नाही. तेव्हाही असाच पिवळा दिवा होता.

शेवटचा_पाव
चवथीच्या सुमारास झालं असेल तर तक्रार करता येणार नाही. वाहन दुसऱ्याचं आहे.

केवड्याचं_पान
मध्येच घुसतेय, माफ करा. माझी साधी हॅचबॅक आहे. कालपासून माझाही दिवा लागतोय, पण सतत नाही, लुकलुकतो. गाडी धक्के देते, विशेषतः चढावर. परवा सर्व्हिसिंगला दिली होती, त्यांनी बॉनेटखाली पाण्याने चकाचक धुऊन दिलं. काल धो धो पाऊस. हा धागा वाचून वाटलं थोडे दिवस वाट बघावी?

स्पॅनरबाब
ताई, तुमची वेगळी गोष्ट आहे आणि तिथे वाट बघायची नाही. स्थिर दिवा असेल तर जपून चालवत गॅरेज गाठता येतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही आणि न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातंय. ते तिथे पेटतं, कन्व्हर्टर आतून वितळतो. मग मांडवीकाठना सांगितलाय तसला आकडा तुम्हाला खरोखर भरावा लागेल.

पाणी मारलं म्हणताय, तर स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरलं असण्याची दाट शक्यता. कोड बहुधा पी०३०१ ते पी०३०४ यांतला येईल, शेवटचा आकडा सिलिंडरचा. गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. प्लगवरची कॉइल (ठिणगीला वीज देणारी) उपसून खाली बघायला त्याला फार वेळ लागत नाही.

केवड्याचं_पान
बापरे. बरं झालं विचारलं. बसने जाते.

हातालाग्रीस
आमचं घरचं गॅरेज आहे, फोंड्याच्या बाजूला. वर 'लोक सेन्सर बदलत बसलेत' वाचलं म्हणून लिहितो, नाहीतर इथे मी नुसता वाचत असतो.

मेकॅनिक पार्ट का बदलतो, माहीत आहे? कारण गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं. मी सकाळभर गाडीखाली पडून एक सैल क्लिप शोधली, घट्ट केली आणि दोन तासांची मजुरी मागितली, तर लोक विचारतात, "पण केलंत काय? क्लिप तर लावलीत." तेच मी एक चकचकीत खोका दाखवून त्याच्या दुप्पट पैसे घेतले असते तर आभार मानून गेले असते, वर जुना पार्ट आठवण म्हणून डिकीत टाकून नेला असता. शोधायचे पैसे द्यायची आपल्याकडे रीत नाही. बाबांच्या वेळी कार्ब्युरेटर होते, कानाने आणि नाकाने कळायचं. आता स्कॅनरला काही खर्च, प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरचं वर्गणीसारखं वेगळं, आणि गिऱ्हाईक म्हणतं कोड फुकट बघून दे, शेजारचा फुकट बघतो.

फुकट बघणारा कोड वाचतो आणि कोडात ज्या वस्तूचा वास येतो ती बदलतो. लीन आलं, बदल ऑक्सिजन सेन्सर. आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं बोलत असतो. तुमच्याकडे नवा बसवूनही तोच कोड आला ना? म्हणजे जुना खोटं बोलत नव्हता.

मांडवीकाठ
@हातालाग्रीस, पटलं. पण गिऱ्हाईकाची बाजूही ऐका. शोधण्याचे पैसे मी आनंदाने देईन, पण ज्याला दिले तो खरंच शोधतोय की चहा पितोय, हे मला कसं कळणार? पार्ट निदान दिसतो.

हातालाग्रीस
त्याला विचारा की काय काय तपासलं आणि आकडे काय आले. शोधणारा आकडे सांगेल. न शोधणारा म्हणेल "लंबी कहानी है."

सुकीभाजी
आमचा तर म्हणतो "कंपनीचाच प्रॉब्लेम आहे." हवामान खातं, सरकार, कंपनी, यांच्यावर टाकलं की मजुरी निश्चिंत.

पीयूसीपास
मला कळत नाही एवढा बाऊ कशाला. गाडी पळते, पीयूसी पास आहे ना? मग धूर चांगलाच आहे. दिवा हा कंपन्यांचा धंदा.

स्पॅनरबाब
पीयूसीला पेट्रोल गाडीच्या धुरात मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. इथे कॉम्प्युटर जादा पेट्रोल टाकून तोल सांभाळतोय. जोवर सांभाळतोय तोवर धूर स्वच्छच येणार. तोल सांभाळताना त्याची दमछाक होतेय हे सांगायला दिवा आहे, आणि ते पीयूसीच्या कागदावर येत नाही.

हा दिवा सक्तीचा केला तो अमेरिकेतल्या प्रदूषणवाल्यांनी, कंपन्यांनी नव्हे. तिकडे १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड लिहायची पद्धत, सक्तीचं झालं. आपल्याकडे ओबीडीचा पहिला टप्पा २०१० चा, दुसरा २०१३ चा.

पेट्रोलपुराण
प्रदूषणवाले तिकडचे, इथेनॉलवाले इकडचे, मधे भरडला जातो तो गाडीवाला. आठवतंय का, २०१२ साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता? बेळगाव-कारवारकडचे लोक टाक्या भरायला सीमा ओलांडायचे. आता पैसे पूर्ण आणि पेट्रोल ऐंशी टक्के.

खाडीपल्याड
आमच्या पत्रादेवीच्या पंपावर सावंतवाडीची लग्नाची वरात थांबलेली मी बघितली आहे. नवऱ्यासकट. मुहूर्तापेक्षा टाकी महत्त्वाची.

तांबडीमाती
त्याच्यावरून ऊस, साखर कारखाने, मग दिल्ली...

संपादक
दिल्लीपर्यंत जाऊ नये. धागा इंजिनचा आहे. पुढचे राजकीय प्रतिसाद अप्रकाशित होतील.

मांडवीकाठ
डोंगल आलं. आकडे देतो.

फ्रीझ फ्रेम: वेग शून्य, ७८० आरपीएम, कूलंट ९७ अंश, लाँग टर्म अधिक २१ टक्के, शॉर्ट टर्म अधिक ६.

तापलेल्या गाडीत स्वतः घेतलेले: उभ्या गाडीत लाँग टर्म अधिक २०, शॉर्ट टर्म अधिक ३. २,५०० ला धरल्यावर लाँग टर्म अधिक ८, शॉर्ट टर्म एकच्या आसपास खालीवर.

घाटात चढताना बायकोने फोन हातात धरून वाचलं, तिथेही आठ-नऊच. घाटाला क्लीन चिट.

स्पॅनरबाब
वा, याला म्हणतात काम! याच आकड्यांत उत्तर आहे, थोडं सविस्तर लिहितो.

पेट्रोलपुराण म्हणतात तसा इथेनॉलचा परिणाम असतोच. पण तो सगळीकडे सारखा असतो. इंधनच जर सात-आठ टक्के जास्त लागत असेल तर उभ्या गाडीत आठ, २,५०० ला आठ, घाटातही आठ. तुमचे २,५०० चे आणि घाटातले आकडे बघा. तिथे बरोबर तेवढंच आहे.

पण उभ्या गाडीत आणखी बारा-पंधरा टक्के कुठून आले? ते फक्त इंजिन शांत असताना दिसतात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत), थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पलीकडे कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय. शांत इंजिनात थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, ओढ जबरदस्त असते आणि एकूण हवा मात्र थोडी. चौघांच्या स्वयंपाकात दोन पाहुणे आले तर भात कमी पडतो. लग्नघरात तेच दोघे आले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आरपीएम वाढला की एकूण हवा वाढते, भेगेतून येणारी हवा तिच्यात हरवून जाते.

एमएएफ मळला असता तर उलटं झालं असतं, हवा वाढेल तसा घोटाळा वाढला असता. पेट्रोल पंप दमला असता तरी घाटात आकडा चढला असता. दोन्ही सुटले.

एमएएफ तरीही साफ करून घ्या, कारण तो तेलकट कापसाचा फिल्टर. जास्त तेल लावलं की त्याची वाफ सेन्सरच्या तारेवर बसते. एमएएफचाच स्प्रे वापरा, कार्ब्युरेटर क्लीनर नको, आणि तारेला बोट तर अजिबात नको.

आता स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये धूर सोडतात, जिथून बाहेर येईल तिथे भेग.

पेट्रोलपुराण
म्हणजे आठ टक्के माझे. नोंद घ्यावी.

सुकीभाजी
सात-आठ म्हणालेत ते. सात तुमचे.

चोर्लावाला
स्मोक मशीन कशाला? यूट्यूबवर दाखवतात, इंजिन चालू ठेवून नळ्यांवर कार्ब्युरेटर क्लीनर मारायचा. जिथे आवाज बदलेल तिथे गळती. शंभर-दोनशेत काम.

हातालाग्रीस
आणि तापलेल्या एक्झॉस्टवर एक फवारा गेला की गाडीबरोबर गॅरेजही जातं. आमच्याकडे एकाने केलंय, भुवया अजून नीट उगवलेल्या नाहीत. करायचंच तर साध्या पाण्याची बारीक फवारणी करा, आणि तीही इलेक्ट्रिकच्या जोडण्या वाचवून. नाहीतर रबरी नळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक जोडण्यांवरून फिरवा. सुईं असा आवाज येतो. बाबा अजून तसंच शोधतात.

मांडवीकाठ
म्हापशाजवळ एकाकडे स्मोक मशीन मिळालं. सकाळी लवकर बोलावलं, गाडी रात्रभर उभी होती. धूर सोडला. काही नाही! कुठूनही नाही. त्याने पैसे घेतले, "गाडी फिट आहे" म्हणाला. एमएएफ साफ केला, त्याने काही फरक नाही. परत कन्व्हर्टरचा विषय निघाला.

पेट्रोलपुराण
मी काही बोलत नाही.

शेवटचा_पाव
हे तुम्ही बोलून सांगितलंत.

हातालाग्रीस
गार गाडी! मांडवीकाठ, तुमचा दिवा कधी लागतो? घाट करून आल्यावर, रांगेत तापल्यावर. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट ९७ अंश. सकाळच्या गार इंजिनात रबर आखडलेलं असतं, भेग मिटलेली. तापलं की रबर मऊ होतं, आतून ओढ बसते आणि भेग तोंड उघडते. दिवा ज्या अवस्थेत लागतो त्याच अवस्थेत तपासायचं असतं.

गाडी तासभर फिरवा, नंतर पंधरा-वीस मिनिटं एसी लावून उभ्या जागी चालू ठेवा, तशीच गरम घेऊन जा. इंजिन बंद केल्याबरोबर धूर सोडायला सांगा. आणि त्याला म्हणावं पीसीव्हीची नळी बघ, वरून नव्हे, खालून. इंजिनात पिस्टनच्या कडेने खाली उतरणारा वायू परत इनटेकमध्ये नेणारी ती नळी. आतून तेलाची वाफ, बाहेरून इंजिनची आच, दहा-बारा वर्षांत ती कोपरावर चिरतेच. आणि चिरते ती नेमकी मॅनिफोल्डखाली, जिथे कोणाची नजर जात नाही.

स्पॅनरबाब
गार गाडीवर केली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सहमत. आरसा आणि टॉर्च घेऊन जा.

तांबडीमाती
उंदरांनी खाल्ली असेल तर खालूनच खाल्ली असेल. मी फक्त सांगून ठेवतो.

गोडेंबाट
हा धागा रात्री अडीच वाजता वाचतोय. माझ्याकडे गाडीच नाही. कोणीतरी लवकर सांगा नळी चिरली होती का, उद्या ऑफिस आहे.

मांडवीकाठ
गोडेंबाट, झोपा आता.

त्याच माणसाकडे दुपारी गेलो, भर उन्हात, वाटेत पर्वरीची रांग मुद्दाम घेतली (आयुष्यात असं म्हणेन असं वाटलं नव्हतं). गरम गाडीत धूर सोडला आणि मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूने, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), बारीक निळसर धागा वर आला. आरसा घातला. पीसीव्हीच्या नळीचा कोपर, खालची बाजू, बोटाच्या पेराएवढी भेग. हाताने दाबली तर मिटते, सोडली की उघडते. उंदीर निर्दोष.

नळी मुंबईहून मागवावी लागली. मूळ कंपनीची, कारण साधी पाण्याची रबरी नळी तिथे तेलाच्या वाफेने फुगते असं तोच म्हणाला. किंमत ऑक्सिजन सेन्सरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. शोधण्याची मजुरी त्याने वेगळी लावली, नळीपेक्षा जास्त. दिली, आणि हातालाग्रीस, तुमची आठवण काढून दिली.

आजचे आकडे: उभ्या गाडीत अधिक ८, २,५०० ला अधिक ७. थरथर गेली. कोड त्याने उडवला नाही, मीच नको म्हटलं. सलग तीन स्वच्छ फेऱ्यांनंतर दिवा आपोआप जातो म्हणे, तसा तो गेला.

पेट्रोलपुराण
आठ!!! बघा, बघा सगळ्यांनी. आठ राहिलेत. ते कोणाचे?

स्पॅनरबाब
तुमचेच, मनापासून मान्य. आणि यात तुमचं आणखी थोडं देणं लागतो. बऱ्याच गाड्यांत दिवा पंचवीस टक्क्यांच्या आसपास लागतो. भेगेचे पंधरा टक्के एकटे असते तर दिवा लागलाच नसता, भेग वाढत गेली असती आणि वर्षभराने कळलं असतं. तुमचे आठ वर पडले म्हणून हद्द ओलांडली.

सुकीभाजी
म्हणजे ई२० ने भेग पकडून दिली. सरकारचे आभार.

पेट्रोलपुराण
हे मी बोललो नाही, कोणीही बोललं नाही, हा प्रतिसाद उडवावा.

चोर्लावाला
मग उरलेल्या आठांचं काय करायचं? रीमॅप?

स्पॅनरबाब
काही नाही करायचं. आठ टक्के कॉम्प्युटरच्या आवाक्यात आहेत, रोजची गोष्ट. रीमॅपने, म्हणजे कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून, आकडा शून्यावर आणता येतो, पण पुढच्या टाकीत इथेनॉल कमीजास्त आलं की परत हलणार. पैसे घालवायचेच तर पेट्रोलच्या वाटेवरच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग बघून घ्या. ई१० च्या जमान्यातलं रबर ई२० मध्ये किती टिकतं ते गाडीगणिक बदलतं. इथे गळती झाली तर धुराऐवजी पेट्रोल बाहेर येतं, आणि त्याला पिवळा दिवा लागत नाही.

केवड्याचं_पान
माझंही सांगते. पी०३०३ आला. तिसऱ्या सिलिंडरच्या खड्ड्यात चमचाभर पाणी आणि कॉइलच्या कनेक्टरवर हिरवा थर. मिरामारला समुद्रासमोर राहते, गाडी उघड्यावर असते, खारा वारा. पाणी काढलं, कनेक्टर साफ केला, दिवा गेला. मेकॅनिक म्हणतो कॉइल चालेल, प्लग चालतील. शनिवारी चोर्ल्याने बेळगावला जायचंय. जाऊ का?

हातालाग्रीस
ताई, हिरवा चढलेला कनेक्टर साफ केला तरी पिन आतून खाल्लेली असते. आज दिवा गेलाय, घाटात भर पावसात परत येईल आणि तिथे फोनला रेंज नसते. तिसरी कॉइल नवी टाका, कनेक्टरचा तुकडा बदला, प्लग चारही. कॉइलच्या रबरी बुटाला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायला सांगा. त्यानंतर चोर्लाच काय, कुठेही जा. आणि बॉनेटखाली पाणी मारून देणाऱ्याला पुढच्या वेळी ओलं फडकं द्या.

केवड्याचं_पान
चारही प्लग म्हटल्यावर मेकॅनिकचा चेहरा बघण्यासारखा होता. "आता मॅडमना पण सगळं कळतं." उद्या बसवतोय.

रेवोडा
माझीही त्याच वयाची दोन दारांची आहे, मांडवीकाठ. नळीचा पार्ट नंबर मिळेल का? मी अजून दिवा लागायची वाट बघत नाही, आधीच बदलतो.

मांडवीकाठ
व्यक्तिगत निरोप केलाय. पण आधी गरम गाडीत ट्रिमचे आकडे घ्या. उभ्या गाडीत आणि २,५०० ला सारखेच आले तर नळी शाबूत आहे, पैसे वाचवा.